जुनी स्पोर्ट्स कार गोव्यात रोज चालवायची, तर खर्च किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याहून पणजी आणि परत, असं माझं रोजचं साठ किलोमीटर होतं. गेली पाच वर्षं हे अंतर मी २००८ सालच्या दोन सीटच्या जर्मन गाडीने कापतोय. पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं पत्र्याचं छप्पर. पंपावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, देवळाबाहेर लोक थांबवून विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. आकडे माझ्या वहीतले आहेत. ही वही गाडी घेतली त्या दिवसापासून ठेवली आहे, पेट्रोलच्या प्रत्येक पावतीसकट.

सगळं धरून किलोमीटरला किती पडतं?

गेल्या वर्षी एकवीस रुपये पडले. हिशेब असा: गाडी वर्षात १४,४०० किलोमीटर चालली. पेट्रोलला १,५५,००० रुपये गेले. वर्षातून दोनदा ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून १८,०००. टायर दरवर्षी बदलत नाहीत, पण झिजेचा वाटा काढला तर १८,५००. विमा २४,०००. ब्रेक पॅड आणि बॅटरी यांचा वार्षिक वाटा १५,५००. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचा वाटा ८,०००. उरलेले ६६,००० दुरुस्तीचे. बेरीज ३,०५,०००.

हा पाचव्या वर्षाचा आकडा आहे, पहिल्या वर्षाचा नव्हे. पहिल्या वर्षी नुसती दुरुस्तीच १,९०,००० झाली होती, दुसऱ्या वर्षी १,१०,०००. आधीच्या मालकाने पुढे ढकललेली कामं नव्या मालकाच्या खिशातून होतात. गाडी कितीही चकचकीत दिसली तरी पहिली दोन वर्षं तुम्ही त्याचीच थकबाकी फेडत असता. तिसऱ्या वर्षापासून खर्च खाली आला आणि तिथेच टिकला.

एवढ्यात नवी गाडीच येईल ना?

येईल, आणि बऱ्याच जणांसाठी तेच योग्य आहे. पण तुलना करताना घसारा मोजायला लोक विसरतात. विमा कंपन्यांचं ठरलेलं कोष्टक बघा: गाडीची धरलेली किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के उतरते, चौथं संपून पाचवं वर्ष लागलं की निम्म्यावर येते. बारा लाखांची नवी गाडी पाच वर्षांत सहा लाख गमावते, म्हणजे वर्षाला १,२०,०००. माझ्याइतकी चालवली तर किलोमीटरला आठ रुपयांहून जास्त, आणि यासाठी कुठे पावती फाडली जात नाही म्हणून तो खर्च दिसत नाही. त्यात पेट्रोल, सर्व्हिस, विमा, टायर धरले की नवी गाडीही एकोणीसच्या आसपास जाते.

माझी गाडी मी अकरा लाखांना घेतली. आज नऊच्या आसपास मागणी आहे. हा घसारा धरला तर माझा खरा आकडा चोविसावर जातो. फरक किलोमीटरमागे पाच रुपये, महिन्याला सहा हजार. सकाळी साडेसातला छप्पर उघडून बाणस्तारीचा पूल ओलांडताना खाडीवरची हवा अंगावर येते, त्यासाठी मी हे सहा हजार मोजतो. तुम्हाला ते मोजावेसे वाटत नसतील तर हा खर्च तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.

मायलेज किती देते? ई-२० पेट्रोलचं काय?

लिटरला नऊ. फोंडा-पणजी रस्ता मोकळा असेल तर अकरापर्यंत जाते, पर्वरीच्या बाजूला गर्दीत अडकलं की सहावर येते. वहीत पूर्वीची सरासरी ९.६ आहे, पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागल्यापासून ९. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे घट होणारच. नीती आयोगाने २०२१ मध्ये इथेनॉलबद्दलचा जो आराखडा काढला, त्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के फटका धरला होता. माझी वही तेच सांगते.

मायलेजपेक्षा मला रबराची काळजी जास्त वाटते. २००५ ते २०१० च्या बऱ्याच युरोपीय गाड्या १० टक्के इथेनॉल चालेल अशा बनल्या आहेत, वीस टक्के त्यांच्या हिशेबात नव्हतं. मी इंधनाच्या सगळ्या लवचिक नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या. खर्च चार हजारांच्या आत आला. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलचा जरासाही वास आला तर गाडी त्याच क्षणी बंद करा आणि ढकलत बाजूला घ्या. या एका बाबतीत "संध्याकाळी बघू" म्हणू नका.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल घालावं का, असंही विचारतात. दीडशे रुपयांच्या पुढचा तो भाव रोजच्या गाडीला मी घालत नाही.

जुनी गाडी रोज चालवली तर लवकर संपणार नाही का? रविवारपुरती काढलेली बरी ना?

माझा सगळ्यात मोठा गैरसमज हाच होता, आणि तो मला महागात पडला. पहिल्या पावसाळ्यात "गाडीला त्रास नको" म्हणून मी ती जुलैत कव्हर घालून शेडमध्ये उभी केली. चाळीस दिवस. गणेश चवथीच्या आधी कव्हर काढलं तेव्हा सीटच्या कातड्यावर हिरवट-पांढरी बुरशी पसरली होती, अगदी शिलाईच्या टाक्यांत घुसलेली. बॅटरी मेली होती. हँडब्रेक ओढून ठेवला होता, त्याचे शू आत गंजून चिकटले होते, मागचं चाक हलेना. आणि इंजिनाच्या कव्हराखाली उंदराने नारळाच्या काथ्याचं घरटं केलं होतं, बाजूची इंजेक्टरची वायर कुरतडून. ३८,००० रुपये गेले. चाळीस दिवसांत गाडी एक किलोमीटरही चालली नव्हती.

फोंड्याच्या माझ्या मेस्तांनी (मेकॅनिकने) चाक सोडवताना एवढंच म्हटलं, "बाब, गाडी उबी दवरूं नाकात." तेव्हापासून मी ती उभी ठेवलेली नाही.

कारण साधं आहे. गोव्याला पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेतला ओलावा चार महिने हटत नाही. चालणारी गाडी स्वतःला वाळवते. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत आलेला तांबूस थर सकाळच्या पहिल्या चार ब्रेकमध्ये निघून जातो, उभ्या गाडीत तोच डिस्क खातो. इंजिन तापलं की ऑइलमधलं पाणी वाफ होऊन जातं. एसी चालला की कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं, नाहीतर ते सुकून गॅस सुटतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीतलं पेट्रोल आठवड्यात संपलेलं बरं. जुन्या जर्मन गाड्यांत बंद असतानाही थोडीथोडी वीज खाणारी उपकरणं असतात, रोजच्या चालण्याने बॅटरी भरलेली राहते. आणि रोज हलणाऱ्या गाडीत उंदीर घर करत नाही.

एक अट मात्र आहे: फेरी पुरेशी लांब हवी. घरापासून बाजारापर्यंत तीन किलोमीटर आणि परत, एवढंच चालवणार असाल तर ऑइल पुरतं तापतच नाही आणि वरचा सगळा फायदा उलटतो. अशा वापराला स्कूटरच बरी. माझी एका वेळची तीस किलोमीटरची फेरी इंजिनाला मानवते.

पावसाळ्यात छप्पर गळतं का?

छप्पर क्वचितच गळतं. पाणी निचऱ्याच्या नळ्या तुंबल्यामुळे आत येतं. घडीच्या छपराच्या गाडीत, मग ते कापडी असो की पत्र्याचं, कडेच्या पन्हळीत पडलेलं पाणी बारीक नळ्यांतून चाकांच्या आड खाली सोडलेलं असतं. नळी करंगळीएवढी. आपल्याकडे गाडी आंब्याखाली नाहीतर जांभळाखाली लागते, मोहोर आणि पानं पन्हळीत जातात, वरून तांबडी माती बसते आणि मेअखेर त्याचा चिखलाचा बूच तयार होतो.

दुसऱ्या वर्षी जुलैत एका सकाळी डिकी उघडली तर ओल्या गोणपाटासारखा वास आला. डाव्या बाजूचं अस्तर बाजूला केलं. खालच्या खळग्यात चार बोटं पाणी होतं आणि छप्पर हलवणारा हायड्रॉलिक पंप त्यात अर्धा बुडालेला. बांगडीएवढा फेस वर तरंगत होता. मी गवत कापण्याच्या मशीनची नायलॉनची तार घेतली. ती लवचिक असते, नळी फाडत नाही. पन्हळीच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडली. हातभर गेल्यावर अडली. फिरवत फिरवत ढकलली, आणि मागच्या चाकाशी गुळण्या केल्यासारखा आवाज होऊन काळं पाणी पडायला लागलं. शेवटी आंब्याच्या मोहोराचा कुजलेला देठ बाहेर आला, बोटाएवढा. तेवढ्या देठाने लाखाच्या वरचा पंप बुडवला होता.

मडगावच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने पंपाची मोटर उघडून, वाळवून, ब्रश बदलून दिले, ६,५०० रुपयांत. नशीब चांगलं म्हणून एवढ्यावर भागलं. आता दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्या नळ्यांत तार घालतो, वरून तांब्याने पाणी ओततो आणि ते खाली कुठे पडतं ते बघतो. जितकं ओतलं तितकं पडायला हवं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुन्हा. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. दाराच्या आणि छपराच्या रबरांना मेमध्येच सिलिकॉनचा हात फिरवतो, नाहीतर उन्हाने ती तडकतात आणि मग खरोखरच गळायला लागतं.

छपराच्या सिलिंडरमधून तेल झिरपायला लागलं तर सगळ्यांत आधी नवा सिलिंडर मागवू नका. आतली सील बदलून तो बरा होतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या आसपास हायड्रॉलिकची कामं करणारे आहेत, माप दिलं तर सील मिळून जातं.

पाणी साचलेल्या रस्त्यातून जाते का?

पाणी बंपरच्या खालच्या कडेला टेकणार असं दिसलं की थांबा, वळा, चहा प्या. या गाड्यांचा हवा ओढण्याचा मार्ग खाली असतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन विम्याच्या साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं आणि जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट मारून बघायचा नाही. टो करून न्यायची.

खाऱ्या हवेने गंज येत नाही?

येतो, आणि तुम्ही कुठे राहता यावर बरंच अवलंबून आहे. मिरामार, कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्याला लागून असलेल्या ठिकाणी गाडी उघड्यावर लावणार असाल तर दर आठवड्याला गोड्या पाण्याने खालून धुतल्याशिवाय इलाज नाही. फोंड्यात त्रास कमी. मी दर दोन वर्षांनी मेमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या हाताने तपासतो, गरज असेल तिथे अँटीरस्ट मारतो. सहा-सात हजार होतात. ब्रेकच्या नळीवर पापुद्रे दिसले तर ती बदलायचीच.

रात्री सपाट जागी मी हँडब्रेक ओढत नाही. गिअर पी मध्ये आणि मागच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा.

स्पीडब्रेकर आणि खड्डे कसे सांभाळता?

तिरकं घेऊन, एकेक चाक चढवत. रस्ता पाठ होतो. चोडण बेटावर बहिणीकडे जायचं तर भरतीची वेळ बघून फेरीबोट धरतो, कारण ओहोटीला धक्का आणि बोटीचा रॅम्प यांच्यात असा कोन होतो की पुढच्या बंपरचा ओठ घासतो. एकदा घासला आहे, तो रंगवायला ७,००० लागले.

खर्चाच्या दृष्टीने खरी गोष्ट चाकांच्या मापाची आहे. गाडी घेतली तेव्हा तिला १८ इंची चाकं होती, बारीक कडेचे टायर. एका पावसाळ्यात दोन रिम वाकले. मी मूळ १६ इंची चाकं शोधून घातली: पुढे २०५/५५, मागे २२५/५०. पुढचं माप आपल्या सेडान गाड्यांतही चालतं, त्यामुळे फोंड्यात, मडगावात, म्हापशात कुठेही आठेक हजारांत मिळतं. मागचं अकरा हजारांच्या आसपास. दिसायला गाडी थोडी साधी झाली, चालायला सुधारली. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने अदलाबदल करता येत नाही. मागचे २५,००० किलोमीटर टिकतात, पुढचे ४०,०००.

टायर घेताना बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. खपत नसलेल्या मापाचे टायर दुकानात तीन-तीन वर्षं पडून असतात.

खालचे बुश, बॉल जॉइंट, इंजिनचे माउंटिंग हे झिजणारे भाग आपल्या रस्त्यांवर दोन-तीन वर्षांत जातात. ते दुरुस्तीच्या ६६,००० मध्ये धरलेले आहेत, आणि त्यातला मोठा वाटा त्यांचाच असतो.

सर्व्हिस कंपनीत करावी की बाहेर?

मी दोन्ही केलं. पहिल्या वर्षी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. काम नीट झालं, पण इतक्या जुन्या गाडीला तिथे भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा जोड बदलण्याकडे कल असतो. आता फोंड्याचे मेस्त यांत्रिक काम करतात आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी वर्षातून एकदा त्या बनावटीचा खास स्कॅनर असलेल्या माणसाकडे जातो. स्वतःजवळ दीड हजारांचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) ठेवा. इंजिनचा दिवा लागला की घाबरून टो बोलावण्याआधी कोड तरी कळतो.

भाग मागवताना नाव सांगू नका, पार्ट नंबर सांगा. चासी नंबरवरून तो काढता येतो. एकाच वर्षाच्या गाडीत दोन प्रकारचे सेन्सर निघतात आणि चुकीचा आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट, या बाजारांत बहुतेक सगळं मिळतं. संध्याकाळी पैसे पाठवले की रात्रीच्या बसने पार्सल सकाळी पणजीच्या स्टँडवर येतं. बॉडी आणि काच यांचे भाग मात्र परदेशातून मागवावे लागतात. त्यावर जकात आणि भाडं धरून किंमत जवळजवळ दुप्पट होते आणि तीन-चार आठवडे जातात.

आणखी एक: चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात कुठलंही मोठं काम काढू नका. गॅरेजात माणूस नसतो, गाडी उघडी पडून राहते.

कोणती गाडी घ्यावी?

ज्या गाडीचं इंजिन आणि खालचे भाग एखाद्या खपलेल्या सेडानमध्येही आहेत ती. वर्षाचा खर्च यावरच ठरतो, बोनेटवरच्या चिन्हावर नाही.

दुसऱ्या पिढीच्या मर्सिडीज एसएलकेचं चार सिलिंडरचं २०० मॉडेल सी-क्लासशी इंजिन आणि बरेच भाग वाटून घेतं, म्हणून सोपं. तिचंच व्ही-६ असलेलं ३५० घेणार असाल तर सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजण्याचा दोष माहीत असलेला आहे, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. इंजिन नंबर तपासूनच पुढे जा. दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी स्कोडा लॉराच्याच कुळातल्या सांगाड्यावर आहे, सस्पेन्शनच्या कामात याचा फायदा होतो. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचं ऑइल मात्र ६०,००० किलोमीटरला बदललंच पाहिजे, त्याची पावती मागा.

पोर्शे बॉक्स्टर चालवायला या सगळ्यांत सुंदर. २००८ पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा धोका आहे: क्वचितच जातं, पण गेलं तर इंजिन घेऊन जातं. २००९ च्या मॉडेलपासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तिचे रेडिएटर पुढच्या कोपऱ्यांत, हवेच्या तोंडाशी आहेत, आणि तिथे वर्षभराचा पाचोळा भरतो. बंपर काढून तो साफ केला नाही तर एप्रिलमध्ये तापमान चढतं. बीएमडब्ल्यू झेड-४ ची २००९ नंतरची पिढी दणकट आहे, पण दोन टर्बोच्या ३५आय मध्ये इंधनाचा हाय-प्रेशर पंप जातो आणि कंपनीने दिलेले रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) टायर आपल्या खड्ड्यांवर कडक आणि खिशाला जड पडतात.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते. आणावी का?

दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथले भाव पडले आहेत, आणि कोरड्या हवेमुळे खालचा पत्राही सहसा चांगला असतो. पण किमतीत जे वाचतं ते कागदांत जाऊ शकतं. एनओसी (ना-हरकत दाखला) आधी, पैसे नंतर. गोव्यात आणल्यावर बारा महिन्यांच्या आत इथल्या आरटीओत नवं रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं, त्यावर इथला रोड टॅक्स. तो आधी आरटीओत जाऊन विचारा, एजंटच्या अंदाजावर विसंबू नका.

सगळ्यांत मोठा धक्का पंधराव्या वर्षी बसतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून साध्या गाडीला त्याची फी ५,००० आहे, आयात केलेल्या गाडीला ४०,०००. या बहुतेक स्पोर्ट्स कार पूर्ण बनलेल्या परदेशातून आल्या आहेत. आरसीवर तुमची गाडी आयात म्हणून नोंदली आहे का ते सौदा करण्याआधी बघा. मी २०२३ मध्ये ४०,००० भरले. ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमाप्रमाणे २० वर्षांपुढच्या आयात गाडीला ८०,००० आहेत, आणि २०२८ मध्ये माझ्या गाडीला वीस वर्षं भरतील, म्हणून मी ते धरूनच चाललो आहे. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड वेगळा.

विम्याचं काय?

१५०० सीसीच्या वरच्या गाडीला थर्ड पार्टीचा दर २०२२ पासून ७,८९७ रुपये आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कोष्टकाने ठरत नाही, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. हप्ता कमी करायला ती किंमत पाडून घेऊ नका. गाडीच्या फोटोंसह, बाजारातले भाव दाखवून योग्य किंमत मागा. दावा करताना दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, रबर-प्लास्टिकवरही निम्मा, काचेवर काही नाही. म्हणजे बंपर फुटला तर अर्धे पैसे तुमचेच. नारळ पडून पत्रा चेपला तर तो दावा बसतो, तरी गाडी माडाखाली लावू नका.

घरात ही एकच गाडी चालेल?

नाही. माझ्या आईला त्या सीटमध्ये बसायला आणि उठायला हात द्यावा लागतो, आणि डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हा हे चालत नाही. घरात एक साधी हॅचबॅक आहे. तिचा खर्च वरच्या हिशेबात नाही, तो तुम्ही तुमच्या हिशेबात धरा.

कर्ज काढून घ्यावी का?

इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत. वैयक्तिक कर्ज काढून घेतली तर दुरुस्तीला पैसे उरत नाहीत, मग काम पुढे ढकललं जातं आणि गाडी उभी राहते. असं झालेल्या दोन गाड्या मी फोंड्यातच बघितल्या आहेत, एकीच्या बोनेटवर आता वेल चढली आहे.

घ्यायचं ठरवलंय. बघायला जाताना काय करू?

गाडीच्या किमतीशिवाय दोन लाख बाजूला ठेवा आणि ते पहिल्या वर्षात संपतील असं धरा. पहिल्याच महिन्यात इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि कूलंट ही सगळी द्रवं बदला, कूलंटमध्ये विहिरीचं पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर घाला. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार लावून बघा.

आणि शक्य असेल तर गाडी पावसात बघायला जा, निदान धुवून घेतल्यानंतर तासाभराने. छप्पर दोनदा उघडून बंद करायला लावा आणि मध्ये अडकतं का ते बघा. मग ड्रायव्हरच्या सीटमागचा गालिचा उचला, डिकीतलं अस्तर बाजूला करा आणि खालच्या खळग्यात हात घाला. मालक म्हणेल, काल धुतली म्हणून ओल आहे. हाताचा वास घेऊन बघा. कालच्या पाण्याला वास नसतो.